देवबागच्या आमच्या घरात पाहुणे येईपर्यंत

मालवणजवळ देवबागला आमच्या घराच्या एका बाजूने चालत गेलं की अरबी समुद्र लागतो आणि दुसऱ्या बाजूने कर्ली नदी. मधल्या अरुंद पट्टीत माड, विहिरी, एकमेकांना लागून घरं आणि आता जवळजवळ घरोघर ‘रूम उपलब्ध’ची पाटी. आमचा सिंधुदुर्ग १९९७मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हा आमच्या वाडीत रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं, ओढणारी घरं होती. आज त्याच घरांतली मुलं स्कूबाच्या बोटींवर आहेत आणि रापणीला माणसं जमवताना माझ्या यजमानांची दमछाक होते.

गेल्या वर्षी आम्ही घरातल्या दोन खोल्या रीतसर नोंदणी करून, माझ्या नावावर कर्ज घेऊन पाहुण्यांसाठी सुरू केल्या. ते कसं झालं हे लिहिते आहे, कारण या वाटेवर अर्ध्यात थांबलेल्या पुष्कळ बायका मी आमच्याच किनाऱ्यावर पाहिल्या आहेत. त्या कुठे अडतात, हे पर्यटनावरच्या भाषणांत कधी ऐकू येत नाही.

त्याआधीही मे महिन्यात ओळखीचं कुटुंब आलं की पुढची खोली आम्ही द्यायचो. सासूबाई घावणे घालायच्या, मी मासे करायची. पैसे यायचे, पण त्या धंद्याला नाव नव्हतं, म्हणून कर्जही नव्हतं. जून २०२३मध्ये राज्य सरकारचं ‘आई’ हे महिलांसाठीचं पर्यटन धोरण आलं आणि बचत गटाच्या बैठकीत ताईंनी ते वाचून दाखवलं. बाईने स्वतःच्या मालकीचा पर्यटन व्यवसाय सुरू करावा, बँकेकडून १५ लाखांपर्यंत कर्ज घ्यावं, हप्ते वेळेवर भरावेत, आणि व्याजाची रक्कम सरकारने परत द्यावी. परतावा १२ टक्के दराच्या मर्यादेत, सात वर्षांपर्यंत किंवा एकूण साडेचार लाख होईपर्यंत. त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला. दोन खोल्या, दोन संडास-न्हाणीघरं, पाण्याची टाकी, गाद्या, पंखे. पाच लाखांत बसत होतं.

पहिलं पाऊल म्हणून सातबारा काढला.

घरपट्टी ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर सासऱ्यांच्या नावाने येते. जमीन मात्र सामायिक. उताऱ्यावर चौदा नावं, त्यातली निम्मी माणसं हयात नाहीत. आजेसासऱ्यांचे एक भाऊ गिरणीत होते, ते परळला वारले. दुसरे नालासोपाऱ्याला. त्यांच्या वारसांच्या नोंदी कोणी केल्याच नव्हत्या. करायची गरजच पडली नाही, कारण जमीन कोणी विकत नव्हतं आणि चवथीला, म्हणजे गणपतीला, सगळे इथेच यायचे. मुलींचाही हिस्सा कायद्याने आहे, म्हणून आचऱ्याला दिलेल्या आत्या, वेंगुर्ल्याला दिलेल्या आत्या आणि त्या नसतील तर त्यांची मुलं, अशी यादी वाढत गेली.

वारस नोंदीसाठी आधी मृत्यूचा दाखला लागतो. मुंबईत वारलेल्या माणसाचा जुना दाखला गावात बसून मिळवायचा तर तिथे कोणीतरी आपलं धडपडणारं हवं. माझ्या भाच्याने सुट्टीच्या दिवशी महापालिकेच्या विभाग कार्यालयात खेपा घातल्या. एका दाखल्यावर नाव ‘सखाराम’ आणि सातबाऱ्यावर ‘सखा’, म्हणून दोन्ही माणसं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तलाठी कार्यालयात अर्ज द्यायचा, नोटिशीची मुदत जायची, कोणाची हरकत नसेल तर मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार, म्हणजे नावातल्या बदलाची नोंद, मंजूर करायचा. हे एका नावाचं. मग पुढचं नाव.

कोकणातल्या पर्यटनाबद्दल बोलताना रस्ते, विमानतळ, जाहिराती यांची चर्चा होते. माझ्या अनुभवाने सगळ्यात मोठी अडचण या सामायिक सातबाऱ्यात आहे. ज्याच्याकडे एकट्याच्या नावावर जमीन आहे तो कर्ज काढतो, परवानगी घेतो, तीन मजले चढवतो. तो बहुतेक वेळा बाहेरून येऊन जमीन विकत घेतलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या कुटुंबाकडे घर असतं, वहिवाट असते, पण बँकेला दाखवता येईल असा कागद नसतो. शेवटी ते घर वर्षाच्या करारावर बाहेरच्या माणसाला चालवायला देतात आणि घरची सून तिथेच पगारावर चादरी बदलते. अशी घरं माझ्या ओळखीची आहेत. त्या बायका माझ्यापेक्षा चांगला स्वयंपाक करतात.

संमतीपत्रं घ्यायला २०२४ची चवथ गाठली. सप्टेंबरात सगळे मुंबईकर घरी येतात, एकाच माजघरात जेवतात, त्याहून चांगली वेळ वर्षात नाही. आरती झाल्यावर सासऱ्यांनीच विषय काढला. पुरुषमंडळींनी माना डोलावल्या. लालबागच्या काकी मात्र गप्प होत्या. सकाळी विहिरीवर त्यांनी मला गाठलं. “सही करतंय गो, पण घर आमचा ऱ्हवतला मां? उद्या चवतीक आमी येव आनि आमकाच खोली नाय म्हणशात.”

त्यांचा प्रश्न मला अगदी रास्त वाटला. मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत आयुष्य काढलेल्या बाईला गावचं घर म्हणजे हक्काची एकच जागा. मग संमतीपत्रात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या. चवथ आणि शिमग्याला पाहुणे घ्यायचे नाहीत, घर कुटुंबाचं. आणि जमीन वा घर कुठेही गहाण टाकायचं नाही. काकींनी पहिली सही केली. जे चवथीला आले नव्हते त्यांची संमतीपत्रं नंतर आली. तोवर ऑक्टोबर उजाडला होता, शंभराचे मुद्रांक बंद होऊन पाचशेचे लागू झाले होते आणि खर्च तेवढा वाढला.

गहाण टाकणार नाही असं लिहून दिलं आणि पहिल्या बँकेने तेच मागितलं. साहेबांनी कागद चाळले, घर तारण द्याल का विचारलं, मी नाही म्हटलं. त्यांनी आयकर विवरणपत्रं मागितली. रापणीचा वाटा रोखीत मिळतो, त्याचं विवरणपत्र कोण भरतं? सरकार व्याज परत देणार आहे, हे मी त्यांना शासन निर्णयाची प्रत दाखवून सांगितलं. ते म्हणाले, व्याज सरकार देईल, मुद्दल कोण देणार? त्या प्रश्नावर धोरण काही बोलत नाही. कर्ज द्यायचं की नाही हे बँकच ठरवते, आणि ज्या बाईकडे तारण नाही तिच्यापर्यंत व्याजाचा परतावा पोचतच नाही.

वाट निघाली ती बचत गटातून. आमच्या गटाने घेतलेली सगळी कर्जं वेळेवर फेडलेली आहेत. गटाचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या मॅडमनी गटाचं पासबुक पाहिलं आणि मुद्रा योजनेतून, ‘किशोर’ गटात, विनातारण कर्जाचा प्रस्ताव केला. त्याची मर्यादा पाच लाख. माझ्या वहीतला आकडा तोच होता. पुढे ‘आई’साठी पर्यटन संचालनालयाकडे अर्ज, पात्रतेचं पत्र, उद्यम नोंदणी, पोलिसांचा चारित्र्य दाखला, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, जेवण देणार म्हणून अन्न सुरक्षा नोंदणी, तिची फी वर्षाला शंभर रुपये. ही कामं एकामागून एक झाली, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांच्या आत त्याच्या माहितीचा सी-फॉर्म ऑनलाइन भरायचा, हे तेव्हा शिकले.

खरं काम बांधकामाचं होतं आणि त्यातही संडासाचं.

देवबागचं आमचं घर भरतीरेषेच्या जवळ, म्हणजे सीआरझेडमध्ये, किनाऱ्यावरच्या बांधकामांवर निर्बंध असलेल्या पट्ट्यात. १८ जानेवारी २०१९च्या अधिसूचनेत किनाऱ्यावरच्या स्थानिक लोकांना, मच्छीमारांना, आपल्या घरात होमस्टे चालवायची मुभा आहे. अट अशी की जोत्याचं क्षेत्रफळ, घराची रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. मला ही अट पटते. ती नसती तर आमच्या पट्टीत माड उरले नसते. पण पाहुणे फोनवर पहिला प्रश्न विचारतात तो ‘अटॅच्ड आहे का?’ हाच. जोत्याबाहेर एक वीटही न लावता दोन संडास कुठे काढायचे? शेवटी मागच्या पडवीचे दोन भाग केले, जिथे पूर्वी जाळी आणि लाकडं असायची. जाळी आता माडाखाली ताडपत्रीत असतात. सासऱ्यांना ते आवडलेलं नाही आणि त्यांचं मन मला कळतं.

संडासाच्या खाली काय, हा त्याहून कठीण प्रश्न. आमची जमीन निव्वळ रेती. पावसाळ्यात पाणी हाताभरावर येतं. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब असावा असा मानक नियम आहे. आमच्या पट्टीत आमच्या विहिरीपासून १८ मीटर सरकलं की शेजाऱ्यांची विहीर जवळ येते, त्यांच्यापासून सरकलं की तिसऱ्याची. पूर्वी एका घरात सहा-सात माणसं असायची तेव्हा हे निभावत होतं. आता मे महिन्यात एकेका घरात पंधरा-वीस पाहुणे असतात आणि सगळ्यांचं पाणी त्याच रेतीत मुरतं. त्याच रेतीतून आम्ही पाणी पितो.

पाणी तपासणारा गावचा जलसुरक्षक आमच्या वाडीतल्या विहिरींचं पाणी एच-टू-एस बाटलीत भरून ठेवतो. दूषित असेल तर बाटली काळी पडते. मेच्या शेवटी काळ्या बाटल्या वाढतात. हे मी आमच्या गटातल्या बाईबरोबर बसून डोळ्यांनी पाहिलं आणि त्या दिवशी ठरवलं की आमच्या घरातून विहिरीत काही जाणार नाही. एसीचा विचार सोडला, ते पैसे टाकीला दिले. तीन कप्प्यांची बंद फायबरची टाकी घेतली आणि तिचं बाहेर पडणारं पाणी कर्दळीच्या वाफ्यात सोडलं. टाकी बसवणाऱ्याने सांगितलं होतं की जुलैत पाणी वर आलं की हलकी टाकी जमिनीतून उचलली जाते, म्हणून खाली काँक्रीटची लादी घालून तिला जखडून ठेवली. पाच लाखांतला मोठा घास या न दिसणाऱ्या वस्तूने खाल्ला. पाहुण्याला ती दिसत नाही, तिच्यासाठी तो एक रुपयाही जास्त देत नाही. बंद टाकीला अनुदान मिळालं तर आमच्या पट्टीतलं प्रत्येक घर ती बसवेल, कारण पाणी सगळ्यांनाच प्यायचं आहे.

एप्रिल २०२५मध्ये खोल्या सुरू झाल्या. मेच्या शेवटच्या दोन आठवड्यांचं बुकिंग पूर्ण भरलं होतं. कोकणातला हंगाम तसाही तोकडा. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते एकतीस डिसेंबर, मग मे. मे संपत आला की जलक्रीडा बंद होतात त्या ऑगस्टअखेरपर्यंत, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीही बंद. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे ताटातला मासाही महाग. वर्षाची कमाई मेच्या चार आठवड्यांवर उभी असते. त्या वर्षी विसाव्या तारखेच्या सुमारास अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, पाऊस कोसळू लागला, आणि २५ मे रोजी मोसमी पाऊस सिंधुदुर्गात दाखलही झाला. इतक्या लवकर तो कित्येक दशकांत आला नव्हता. फोनवर फोन आले. मी सगळ्यांची आगाऊ रक्कम परत केली, कारण समुद्र खवळलेला असताना लहान मुलं घेऊन या, असं मी कोणाला सांगू शकत नाही. जूनमध्ये पहिला हप्ता होता. तो रापणीच्या पैशातून गेला.

वादळं आम्हाला नवी नाहीत. ऑक्टोबर २०१९मध्ये क्यार आलं, मे २०२१मध्ये तौक्ते. तौक्तेने वाडीतले माड झोपवले, कौलं उडवली, होड्या फोडल्या. तेव्हा पंचनामे झाले. होडीचा रकाना होता, जाळ्यांचा होता, घराच्या पडझडीचा होता. रिकाम्या राहिलेल्या खोलीला पंचनाम्यात रकाना नाही. शेतकऱ्याला पीक विमा निदान कागदावर तरी आहे. ज्या जिल्ह्याला पर्यटन जिल्हा म्हटलं तिथे हंगाम बुडाला तर दोन खोल्यांच्या घराने कुठे जायचं, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. पुण्या-मुंबईत चार हॉटेलं असलेला माणूस एक मे सोसतो. आम्ही तो रापणीवर सोसला, आणि ज्यांच्याकडे रापण नाही त्यांनी सोन्यावर.

दिवाळीनंतर खोल्या पुन्हा भरू लागल्या. मुंबईहून येणारे महामार्गाबद्दल बोलतात. रुंदीकरण २०११मध्ये सुरू झालं, आमच्या जिल्ह्यातला भाग कधीच झाला, पण रायगड ओलांडताना लोक अजून थकतात. रेल्वेचं आरक्षण सुट्टीत मिळत नाही. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१मध्ये सुरू झाला, पण त्यावर विसंबून बेत आखणारा पाहुणा मला क्वचितच भेटला. गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरणारे जास्त आहेत, त्यांतले बहुतेक दक्षिणेकडे गोव्यात वळतात. जे इकडे येतात ते मात्र शांतता शोधत येतात आणि तेच पाहुणे मला हवे आहेत.

जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. तेव्हापासून लोक किल्ल्याबद्दल वाचून येतात. १६६४मध्ये शिवरायांनी कुरटे बेटावर पायाभरणी केली, तिथे आजही कुटुंबं राहतात, हे ऐकल्यावर त्यांचे चेहरे खुलतात. माझी मुलगी त्यांना हे सांगते, मालवणच्या धक्क्यापर्यंत सोबत जाते. इतिहास सांगणारी स्थानिक मुलं तयार झाली तर किल्ला पाऊण तासात उरकून स्कूबाला पळणारा माणूस दिवसभर थांबेल, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मी पाहुण्यांना अडूनच सांगते. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत बसायचं नाही, बोट भरलेली दिसली तर उतरायचं, पैसे गेले तरी चालतील. मे २०२२मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. त्या दिवशी आमच्या वाडीतली माणसं पाण्यात धावली होती. नंतर कित्येक दिवस कोणी नीट जेवलं नाही. पाहुणा आमच्या दारात उतरला की तो आमची जबाबदारी असतो, ही आमच्या वडीलधाऱ्यांची शिकवण आहे. हंगामात दर पाडून जास्त फेऱ्या मारणाऱ्याला गावानेच थांबवायला हवं.

बुकिंगच्या अॅपवर आम्ही आहोत, पण तिथलं कमिशन आमच्या नफ्याएवढं जातं. म्हणून एकदा आलेल्या पाहुण्याला मी थेट फोन करायला सांगते. पंधराशेच्या खोलीसाठी घासाघीस करणारे भेटतात, ताटात सुरमईची तुकडी लहान आहे म्हणणारेही. मी त्यांना पहाटे किनाऱ्यावर लिलावाला घेऊन जाते. माशाचा भाव स्वतःच्या कानांनी ऐकला की माणूस घासाघीस करत नाही, उलट बांगड्याचं तिखलं मागून खातो. तिरफळाचा वास त्यांना नवा असतो, सोलकढी मात्र सगळेच दुसऱ्यांदा मागतात.

हप्ते आतापर्यंत एकही चुकलेला नाही. व्याजाच्या परताव्यासाठी पावत्या जोडून अर्ज दिला आहे. ग्रामसभेत मी टाक्यांचा विषय मांडला. नवीन खोल्यांना ना हरकत देताना बंद टाकीची अट घालावी आणि मैला उपसणारी गाडी तो कुठे रिकामा करते याची नोंद पंचायतीने ठेवावी, असं म्हटलं. काही जणांनी विरोध केला, खर्च कोण करणार म्हणाले. त्यांचं म्हणणं खोटं नाही. ठराव पुढच्या सभेवर गेला आहे आणि तिथे तो मी पुन्हा मांडणार आहे, या वेळी बाटल्यांचे निकाल हातात घेऊन.

आता वाडीतल्या बायका विचारायला येतात. मी त्यांना आधी तलाठी कार्यालयात पाठवते. सातबारा आणि मागचे सगळे फेरफार काढा, गेलेल्या माणसांची यादी करा, मुंबईच्या नातेवाइकांना दाखल्यांसाठी आत्ताच फोन करा, म्हणजे चवथीला सह्या घेता येतील. आणि खर्चाच्या यादीत टाकी पहिली लिहा, गाद्या नंतर. दोघींचे कागद यंदाच्या चवथीपर्यंत तयार होतील असं दिसतं. त्यातल्या एकीची विहीर आमच्या कुंपणाला लागून आहे, म्हणून तिची टाकी कुठे बसेल ते आम्ही दोघींनी फीत धरून मोजलं आणि तिथे खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत.